तेव्हा कंबर, आता गुडघा

१

चर्चमध्ये चोरण्यासारखं काही नसतं, अशी सॉयर्स बँक बेटावरच्या लोकांची पक्की समजूत होती. म्हणून चर्चच्या दाराला कधी कुलूप लागलं नव्हतं. मंगळवारी सकाळी ती समजूत निकालात निघाली. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीवर माणसाहून उंच अशी सायप्रसच्या लाकडाची फळी असायची. ती गायब होती आणि तिच्या जागी न रंगवलेल्या भिंतीचा एक फिकट पट्टा उरला होता.

हार्लन स्टायरन टोपी काढून त्या पट्ट्यासमोर उभा राहिला. काउंटीच्या शेरीफचा बेटावरचा तो एकुलता एक माणूस. आजवर त्याने दारुडे घरी पोचवले होते, खेकड्यांच्या पिंजऱ्यांवरून होणारी भांडणं मिटवली होती. हे प्रकरण निराळं होतं. त्या फळीवर त्याच्या पणजोबाच्या चाकूची खूण होती.

बेटावरची रीतच तशी होती. मोठं वादळ येऊन गेलं, घुसलेलं पाणी ओसरलं, की गावातला सगळ्यांत जाणता माणूस चर्चमध्ये यायचा, भिंतीवरच्या चिखलाची वरची कड बघायचा आणि फळीवर तेवढ्या उंचीवर चाकूने आडवी रेघ मारायचा. एकोणीसशे तेहतीसच्या वादळाची रेघ सगळ्यांत वर, उभ्या माणसाच्या कमरेशी होती. गेल्या ऑगस्टात आयरीन वादळ आलं, त्याची रेघ गुडघ्याशी.

एरवी ही फळी पाहुण्यांना दाखवायची वस्तू. पण यंदा ती साक्षीला उभी राहणार होती. राज्याच्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं की शतक संपेपर्यंत समुद्र तीन फुटांहून जास्त वर येईल. त्यांनी नकाशे काढले आणि त्यात सॉयर्स बँकचा निम्मा भाग निळा रंगवून टाकला. निळ्या रंगातल्या जागेला गिऱ्हाईक मिळत नाही, बँक कर्ज देत नाही आणि विमावाले फोन उचलत नाहीत. त्यावर काउंटीच्या सभासदांनी ठराव मांडला होता, की किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम करताना फक्त घडून गेलेलं बघायचं, पुढचे अंदाज बघायचेच नाहीत. त्याच ठरावाची सुनावणी आज संध्याकाळी, चर्चसमोरच्या फायर स्टेशनमध्ये होती.

"चोर मोठा टापटिपीचा दिसतोय," हार्लन पुटपुटला.

"का हो?" रेव्हरंड बूथ मागून म्हणाले. तीन वर्षांपूर्वी डोंगराकडून बदली होऊन आलेले हे गृहस्थ अजूनही मासे साफ करायला घाबरत.

हार्लनने बोट दाखवलं. फळी ज्या पितळी स्क्रूंनी बसवली होती, ते चारही स्क्रू भिंतीत आपापल्या भोकात परत बसवलेले होते. प्रत्येकाला दोन-दोन वेढे दिलेले.

"फळी न्यायची आणि स्क्रू जागेवर लावून जायचं? हा कुठला चोर?"

"तो कुठला ते मी सांगतो," दारातून आवाज आला. "आणि चोर नाही, चोरटी."

२

दारात थर्मन गिलिकिन उभा होता. काउंटीचा सभासद, जागांचा दलाल आणि हार्लनचा शाळेपासूनचा दोस्त. बेटाच्या रस्त्यावर खांबाखांबाला त्याचेच फलक लागले होते: "तेव्हा कंबर, आता गुडघा! समुद्र वर येतो म्हणे!"

"कोरिन सॉल्टर," थर्मन म्हणाला. "काल संध्याकाळी ती इथे आली होती. दहा जणांनी पाहिलं. आम्ही समोर खुर्च्या लावत होतो."

"फळी घेऊन जाताना पाहिलं?"

"अरे बाबा, ती काय खांद्यावर टाकून मिरवत जाणार होती? हार्लन, ती त्या तज्ज्ञांच्या हाताखाली काम करते. आज तुझा सासरा बायबलवर हात ठेवून सांगणार, की ही तेहतीसची रेघ, ही आयरीनची, आता तुम्हीच बघा. मग हिच्या साहेबांची तोंडं कशी झाली असती? दुसऱ्या कुणाला फळी नकोशी होती सांग."

"रेव्हरंडना," हार्लन म्हणाला, कारण ते खरं होतं.

रेव्हरंड लाल झाले. "मी पहिल्याच रविवारी बोललो होतो, ते मागे घेत नाही. लोक क्रुसाकडे पाठ करून फळीकडे बघतात. पण म्हणून मी ती पळवीन? मला तर साधा खिळाही ठोकता येत नाही!"

"ते मात्र सगळं गाव जाणतं," थर्मन हसला. मग त्याने हार्लनचा दंड धरला. "सुनावणीच्या आत फळी आली नाही, तर मी लेखी तक्रार देतो आणि तुला ती घ्यावी लागेल. आणि एक सांगू? तुझ्या आईच्या खाडीकाठच्या जागेचं गिऱ्हाईक ठराव पास व्हायची वाट बघत बसलंय. माझ्याइतकीच तुझीही गरज आहे."

हे शेवटचं वाक्य त्याने रेव्हरंडसमोर बोलायला नको होतं. हार्लनने खाली बघितलं.

कोरिन तिच्या आईच्या घराच्या ओट्यावर, मोजणीच्या यंत्राची तिवई पायाशी ठेवून बसली होती. तिशीची पोरगी, उन्हाने नाक सोललेलं. शिकायला म्हणून सतराव्या वर्षी बेटावरून गेली, ती मागच्या वर्षी राज्याची नोकरी घेऊन परत आली होती.

"आईला फोन आला," ती म्हणाली. "येत्या रविवारी चर्चमधला ऑर्गन दुसरं कुणीतरी वाजवणार म्हणे. चोवीस वर्षं वाजवतेय ती. या गावात बातमी भरतीपेक्षा भरभर चढते, मिस्टर हार्लन."

"काल तू चर्चमध्ये का गेली होतीस?"

"आज सकाळी खुणांची उंची मोजायची परवानगी मला काउंटीनंच दिली होती. म्हटलं आदल्या दिवशी जागा बघून ठेवावी. तुमचे सासरे, कॅप्टन मॅन्ली, तिथंच होते, पाद्र्यांचं बाक दुरुस्त करत. ते म्हणाले, मोज की, टेप देऊ का? मी म्हटलं, टेप नको, मी फरशीपासून नाही, बाहेरच्या जमिनीपासून मोजणार, यंत्रानं. मग ते गप्पच झाले. थोड्या वेळानं म्हणाले, घरी जा पोरी, आई वाट बघत असेल. मी सायकल काढली आणि आले."

"आणि फळी?"

"होती जागेवर."

"त्या फळीमुळे तुझी बाजू पडत होती, कोरिन."

"माझी बाजू?" ती हसली, पण त्या हसण्यात मजा नव्हती. "त्या फळीनं काहीच सिद्ध होत नाही, ना त्यांचं ना माझं. एक वादळ म्हणजे समुद्र नव्हे. आमच्याकडे रोजच्या भरतीच्या नोंदी आहेत, त्या कुणाला बघायच्या नाहीत. फळीच बघायची असेल तर निदान नीट मोजा, एवढंच मी म्हणत होते. तुम्ही तक्रार घेतलीत तर माझी नोकरी गेली. चोरीचा डाग लागलेल्या माणसाला राज्य ठेवत नाही." मग तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "मी नेली नाही."

"तू तसं म्हणतेस खरं," हार्लन म्हणाला.

ओट्याचा जिना उतरताना त्याच्या डोळ्यांपुढे ऑर्गनवर बसलेली तिची आई उभी राहिली. पण मनात तो एकच विचार घोळवत होता, की पोरगी खोटं छान बोलते.

३

फायर स्टेशनवर रात्रपाळीला दोघं होते. दार उघडं, दिवा चालू, समोर चर्च. दोघांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की फळी घेऊन कुणी बाहेर पडलेलं नाही. चर्चच्या मागे दलदल. तिथे माणूस मांडीपर्यंत रुततो, आणि चिखलावर बगळ्याच्या पावलांखेरीज काही नव्हतं. मग एवढी लांब फळी गेली कुठे? हार्लनने बाकांखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं, ऑर्गनच्या मागे पाहिलं. रेव्हरंड त्याच्यामागून फिरत राहिले आणि दोनदा स्वतःच्याच पायात अडखळले.

दुपारी तो घरी जेवायला गेला. त्याच्या बायकोने, ओनिटाने, तिसऱ्यांचं सूप केलं होतं, त्यात मक्याच्या पिठाचे उंडे सोडून. तिचे वडील, कॅप्टन मॅन्ली फुल्चर, मंगळवारी जेवायला यायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. चर्चचा डीकन, आणि हयातभर घरं उचलण्याचा धंदा केलेला. जॅक लावून अख्खं घर असं वर घ्यायचा, की टेबलावरचा चहा हलत नसे. हार्लन लग्नाआधी त्याच्याच हाताखाली कामाला होता.

आज म्हातारा उंडे चमच्याने इकडून तिकडे ढकलत होता.

"खा ना, बाबा," ओनिटा म्हणाली. "संध्याकाळी सगळ्या काउंटीसमोर बोलायचंय तुम्हाला."

"फळीच नाही, तर बोलायचं काय?"

"थर्मन म्हणतो, तुम्ही तोंडी सांगितलंत तरी चालेल," हार्लन म्हणाला. "शपथेवर."

कॅप्टनने चमचा खाली ठेवला. "त्या पोरीला सोडून दे, हार्लन."

"का? तुम्हाला काही ठाऊक आहे?"

"तिने नेली नाही. मी सांगतो म्हणून."

"कॅप्टन, तुमच्या सांगण्यावर थर्मन गप्प बसणार नाही. मला काहीतरी दाखवावं लागेल."

म्हातारा उठला, टोपी घेतली आणि जाळ्यांच्या शेडकडे चालू लागला. उठताना त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले होते.

"बघ ना, कालपासून गुडघे धरलेत त्यांचे," ओनिटा वाट्या उचलत म्हणाली. "या वयात कुठे रांगून आले देव जाणे. कालची पँट धुवायला आणून टाकली, तर दोन्ही गुडघ्यांवर वाळू. आणि वाळू तरी कसली, कोरडी, पिठासारखी. झटकली तर नाकात गेली माझ्या."

हार्लनचा घास तोंडातच राहिला. आठवडाभर पाऊस पडत होता. सॉयर्स बँकवर टाचणी टोचली तरी पाणी लागेल अशी अवस्था होती. अशा बेटावर पिठासारखी कोरडी वाळू कुठे मिळणार? जिथे वर्षानुवर्षं पाऊस पोचत नाही, तिथेच. कुठल्यातरी छपराखाली.

नाहीतर फरशीखाली.

४

चर्च ज्या खांबांवर उभं होतं, त्यांच्याभोवती आडोशाला जाळीदार फळ्या लावलेल्या होत्या. मागच्या दाराच्या पायऱ्यांलगतची एक फळी आकड्यावर नुसती अडकवलेली निघाली; चिखलात पाय न टाकता तिथून आत शिरता येत होतं. हार्लनने ती बाजूला केली आणि टॉर्च आत मारला.

आतली वाळू कोरडी होती. तिच्यावर वाटीएवढे खळगे पडलेले, मुंग्या पकडायला किडे करतात तसले, शेकड्यांनी. आणि त्यांच्या मधून एक पट्टा सरळ आत गेला होता, तिथले सगळे खळगे पुसले गेले होते. तिथून कुणीतरी काहीतरी लांबलचक ओढत नेलं होतं.

तो रांगत आत गेला. चर्चच्या बरोबर मध्यावर, दोन तुळयांच्या मधे, जुन्या गोधडीत गुंडाळलेली फळी आडवी ठेवली होती. कड खरवडू नये म्हणून चारही कोपऱ्यांना चिंध्या बांधलेल्या. हार्लनने गोधडी थोडी सरकवून बघितलं. तेहतीसची रेघ, पणजोबाच्या हातची, थोडी तिरकी.

दमून तो फळीशेजारी बसला. खांबाला पाठ टेकली, मान ताठ केली आणि सुस्कारा सोडला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो बसला आहे. अगदी ताठ. डोक्यावर अजून टोपी राहील एवढी जागा होती.

तो सात-आठ वर्षांचा असताना त्याचा चेंडू याच चर्चखाली गेला होता. पोटावर पडून, खांद्यापर्यंत हात घालूनही तो त्याला मिळाला नव्हता. खाली मांजर जेमतेम जात असे. आईने सांगितलं होतं, राहू दे, तो आता देवाचा झाला.

मग इथे माणूस बसू शकेल एवढी जागा आली कुठून?

आठवायला वेळ लागला नाही, आणि तेच वाईट होतं. दोन हजार तीनचं इझाबेल वादळ गेल्यावर चर्च उचललं होतं. सगळ्या गावाने मिळून. शनिवारभर जॅक फिरवले होते, बायकांनी अंजिराच्या मुरंब्याचे केक आणले होते आणि कॅप्टन मॅन्ली शिट्टीच्या इशाऱ्यावर इंच इंच वर घ्यायला सांगत होता. चर्च तीन फूट वर गेलं. पुढे दारापर्यंत मातीचा उतार केला, म्हाताऱ्यांना चढायला सोपं म्हणून. उतार असा झकास जमला की वर्षाच्या आत सगळे विसरून गेले.

चर्च तीन फूट वर गेलं, म्हणजे भिंतीवरची फळी तीन फूट वर गेली. तेहतीसची रेघही गेली.

तीन फूट म्हणजे कंबर.

हार्लनने टॉर्च बंद केला. त्याला उजेड नकोसा झाला होता. तेहतीसचं पाणी जुन्या फरशीवर कमरेपर्यंत चढलं होतं. ते आज आलं असतं तर या उचललेल्या फरशीला नुसतं टेकलं असतं. आणि आयरीनचं पाणी या उचललेल्या फरशीवरही गुडघाभर चढलं होतं. त्याची रेघ चर्च उचलल्यानंतर मारलेली होती. म्हणजे आयरीन तेहतीसच्या खाली नव्हती, गुडघाभर वर होती.

हे कुणापासून लपवून ठेवलेलं नव्हतं. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळ्यांनी आपापली घरंही इझाबेलनंतर सरकारी मदतीने सहा-सहा फूट उचलून घेतली होती, आणि आयरीनमध्ये घरात थेंबही आला नाही म्हणून जो तो सांगत सुटला होता, की छे, हे कसलं वादळ, आजोबांच्या वेळी बघायला हवं होतं. आपण वर गेलो आणि म्हणालो की पाणी खाली गेलं. पूर्वेकडच्या कोपऱ्यातला जॅक तर खुद्द हार्लनने फिरवला होता. हाताला फोड आले होते. आणि तरी गेला महिनाभर थर्मनचा तो फलक हार्लनच्याच गाडीच्या मागच्या काचेवर होता.

अंधारात, एकटा असताना, त्याचे कान तापले.

५

कॅप्टन शेडमध्ये उलट्या पिंपावर बसला होता. हार्लन आत आला तसं त्याने मान वर केली, त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि परत खाली घातली.

"वाळू लागलीय तुला," तो म्हणाला.

"स्क्रू," हार्लन म्हणाला. "आधी स्क्रूंवरूनच कळायला हवं होतं. काढलेला स्क्रू आपल्याच भोकात परत लावायचा, दोन वेढे देऊन, म्हणजे हरवत नाही. पहिल्या दिवशी मी ते केलं नव्हतं, तर तुम्ही माझ्या टाळक्यात हातोड्याचा दांडा हाणला होता."

"हळू हाणला होता."

"चोरी करतानाही मोडली नाही तुमची सवय."

"चोरी नाही रे ती!" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "चर्चबाहेर नेली का मी? नुसती खाली ठेवली. सुनावणी झाली की परत लावणार होतो." तो हातांची बोटं चोळत राहिला. "ती पोरगी म्हणाली, जमिनीपासून मोजणार. एवढंच म्हणाली. आणि मला चटका बसल्यासारखं झालं. जमिनीपासून! हार्लन, ते चर्च मी उचललं. तीन फूट, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. आणि मीच वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फळी दाखवतोय. थर्मनच्या पत्रकावर माझा फोटो आहे, तेहतीसच्या रेघेवर बोट ठेवलेला."

"मग तेव्हाच बोलायचं."

"काय बोलायचं? की अख्खं गाव गाढव आहे आणि त्यातलं सगळ्यांत म्हातारं गाढव मी? टीव्हीवाले येणार आहेत आज. राजधानीतून, रॅलेहून माणसं येणार आहेत. ते आधीच आपल्याला खेडवळ समजतात. सगळं राज्य हसलं असतं. म्हटलं, फळीच नसेल तर मोजणार काय? ना मला शपथ घ्यावी लागेल, ना गावाचं हसं होईल."

"आणि कोरिन?"

कॅप्टनने शेजारचं जाळं ओढून मांडीवर घेतलं.

"तिच्यावर येईल असं मनातही आलं नाही. सकाळी कळलं तेव्हा वाटलं, आत्ता जाऊन सांगावं. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दोनदा." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही. "तिच्या आईचा ऑर्गन बंद केला ना? मला लाज वाटते रे. आणि ती वाटत असताना मी तिथे बसून सूप ढवळत होतो."

हार्लनला म्हणावंसं वाटलं, की काळजी करू नका, मी फळी सापडली एवढंच सांगतो, कुठे आणि का ते कुणी विचारणार नाही. तसं जमलं असतं. थर्मनने खुशीने मान डोलावली असती. पण नुसती सापडली म्हटलं असतं, तर कोरिनने भिऊन परत आणून टाकली असंच गाव मरेपर्यंत म्हणत राहिलं असतं.

"संध्याकाळी तुम्ही सांगायचं," तो म्हणाला. "नाहीतर मी सांगेन."

"तू माझा जावई आहेस."

"म्हणूनच तुम्हाला आधी विचारतोय, कॅप्टन."

६

फायर स्टेशनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. समोरच्या टेबलामागे काउंटीचे पाच सभासद, एका कोपऱ्यात कॅमेरा, आणि मागच्या भिंतीशी कोरिन आपल्या आईशेजारी. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, एवढी गर्दी असूनही.

हार्लनने फळी आत आणून टेबलाला टेकवून उभी केली तेव्हा टाळ्या पडल्या. थर्मन उठून त्याच्या पाठीवर थाप मारायला आला. "शाबास रे! कुठे लपवली होती तिने?"

"तिने नाही," कॅप्टन मॅन्ली पहिल्या रांगेतून म्हणाला.

त्याला शपथ देऊ लागले, तेव्हा तो म्हणाला की आधी बोलू द्या, नंतर वाटलं तर द्या. मग तो उभ्यानेच बोलला. फळी मी काढली, मी लपवली, चर्चखाली. त्याचा आवाज एरवी मागच्या रांगेपर्यंत पोचला नसता, पण लोक इतके गप्प होते की पोचला.

"का काढली ते सांगतो. इझाबेलनंतर आपण चर्च उचललं. किती, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

तो मागच्या रांगांकडे वळला.

"डॅनी, तू होतास. विल्सन, तू होतास. थर्मन, पश्चिमेच्या जॅकवर तू होतास. किती उचललं?"

"तीन फूट," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग तेहतीसची रेघ पण तीन फूट उचलली आपण."

हार्लन लोकांचे चेहरे बघत होता. आधी काहीच झालं नाही. मग एका बाईने तोंडावर हात ठेवला. तिच्या नवऱ्याने मांडीवरची टोपी फिरवायला सुरुवात केली. एकेक डोकं खाली जात गेलं, जणू छप्परच हळूहळू खाली येत होतं. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कॅमेरावाल्या पोराला मात्र काही कळलं नव्हतं. तो शेजाऱ्याला विचारत होता, "म्हणजे काय झालं?" आणि शेजारी त्याला उत्तर देत नव्हता.

थर्मनने घसा खाकरला. त्याचं तोंड लाल झालं होतं, आणि हार्लनला कबूल करावं लागलं की ती लाज खरी होती.

"ठीक आहे," थर्मन म्हणाला. "फळी बाजूला ठेवू. ठराव काही फळीवर अवलंबून नाही. सभासदांनी मत द्यावं."

"पण थर्मन..." रेव्हरंड बूथ अर्धवट उठले.

"सुनावणी संपली, रेव्हरंड."

पाचातले तीन हात वर गेले. तिघंही टेबलाकडे बघत होते. ठराव पास झाला. टाळी एकाचीही पडली नाही. आणि खुर्च्यांवर बसलेल्या त्या सगळ्या माना खाली घातलेल्या माणसांच्या अंगातून एक सुटकेचा श्वास गेला. तो हार्लनने ऐकला, कारण त्यात त्याचाही श्वास होता. आईच्या जागेचं गिऱ्हाईक आता येईल, हा पहिला विचार त्याच्या मनात आला. त्याला बरं वाटलं. आणि इतकं बरं वाटलं, याची त्याला शरम वाटली.

लोक पटापट बाहेर पडले. कोरिनच्या जवळून जाताना प्रत्येकाला काहीतरी खिशात शोधायचं होतं. एका बाईने तिच्या आईचा हात दाबला आणि काही न बोलता निघून गेली. हार्लन त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"तक्रार वगैरे काही नाही आता," तो म्हणाला. "तुझ्या साहेबांना मी लिहून कळवतो. झालं त्याबद्दल मला वाईट वाटतं, कोरिन."

"मिस्टर हार्लन, एक विचारू?" तिचा आवाज शांत होता. "सकाळी मी तुम्हाला सांगितलं, मी नेली नाही. तुम्हाला खरं वाटलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिची आईही त्याच्याकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला.

"मग कधी वाटलं?"

"फळीला हात लागला तेव्हा."

तिने मान हलवली, दुकानात भाव ऐकून हलवतात तशी. मग ती त्याच्या बाजूने पुढे गेली. कॅप्टन मॅन्ली अजून पहिल्या रांगेत एकटाच बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. कोरिनने त्याच्यापुढे हात केला. "चला, कॅप्टन, बाहेर अंधार पडतोय," ती म्हणाली. त्याला उठायला वेळ लागला, तो तिने दिला. मग ती, तिची आई आणि म्हातारा असे तिघं हळूहळू दाराबाहेर गेले. हार्लनला कुणी चल म्हटलं नाही, आणि तोही मागे गेला नाही.